दगडाबाईंची झाडण आणि गावाचे कारंजे

बारामतीच्या भुसार पेठेत पोत्यांतून जमिनीवर सांडलेले धान्य कोणाचे, हा प्रश्न १९५५ सालापर्यंत कोणाला पडला नव्हता. ते दगडाबाई कोकरे यांचे होते. शेतकऱ्याची गाडी यायची, पोती उतरायची, काट्यावर चढायची, मापारी पहिल्या वजनाला 'एक' न म्हणता रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणायचा आणि आडतदाराच्या वखारीत थप्पी लागायची. एवढ्या वाटेत जे खाली पडेल ते दगडाबाई झाडून नेत. पेठेत त्याला झाडण म्हणत.

हा हक्क कुठे लिहिलेला नव्हता. दगडाबाईंना तो सरुबाई नावाच्या म्हातारीकडून मिळाला. सरुबाईंची कंबर धरली तेव्हा त्यांनी दगडाबाईंना पेठेच्या तोंडाशी उभे केले आणि आपली शिंदीची केरसुणी सर्वांदेखत त्यांच्या हातात दिली. दगडाबाईंनी त्यांना लुगडे नेसवले, हमालांच्या टोळीला गूळ-शेंगा वाटल्या. खरेदीखत झाले ते एवढेच. हे १९४९ मधले.

त्याआधी कोकऱ्यांकडे सत्तर मेंढरे होती. सणसरच्या शिवारात जिकडेतिकडे ऊस उभा राहिला आणि मेंढरू चारायला बांधसुद्धा मोकळा उरला नाही. दगडाबाईंचे यजमान बिरू यांनी कळप विकला, कऱ्हेच्या अंगाला खोपट घातले आणि ते घोंगड्या विणायला बसले. घोंगडी विणायला त्यांना महिना लागे आणि विकायला तीन. विधवा मुलगी साखरबाई आणि तिच्या दोन पोरी घरातच होत्या. पाच तोंडांना जी भाकरी मिळे ती झाडणीची.

झाडणे हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग. दिवस मावळता दगडाबाई दोन पोती भरून घरी नेत. त्यात पाचट, शेण, खडे, बैलांच्या पायांची माती आणि मधून मधून ज्वारी असे. दुसऱ्या दिवशी ते चाळायचे, पाखडायचे, नदीच्या पाण्यात रोळून खडे खाली बसवायचे, घोंगडीवर वाळवायचे. दोन पोत्यांतून पाच पायल्या ज्वारी निघाली की दगडाबाई बाजार चांगला झाला म्हणत. खरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. त्या दोन महिन्यांत जे साठेल त्यावर श्रावणापर्यंत ढकलायचे.

पेठेत त्या नुसत्या झाडत नसत. फाटकी पोती दाभण-सुतळीने शिवून देत. हमालांसाठी दोन मडकी पाणी भरून ठेवत. मोकाट गुरे ढिगाजवळ आली तर हाकलत. याचे त्यांना कोणी काही देत नसे आणि त्यांनीही कधी मागितले नाही.

त्याच सुमारास गावाला कारंजे हवेसे झाले.

कारंजे पाहिले होते मोहनराव ढोले यांनी. मोहनरावांचे वह्या-पुस्तकांचे दुकान होते. क्रमिक पुस्तके आणायला पुण्याला गेले असताना त्यांनी एका बागेत सिमेंटच्या कमळातून पाणी उडताना पाहिले आणि परत येऊन 'कऱ्हातीर बालोद्यान समिती' काढली. चिटणीस ते स्वतः. नदीकाठची पडीक जागा मिळाली. घसरगुंडी एका लोहाराने नातवाच्या जावळानिमित्त फुकट करून दिली, झोक्यांचे दोर आणि फळ्या वखारवाल्यांनी दिल्या. राहिले कारंजे. कमळ, नळ, टाकी आणि पंप मिळून नऊशे रुपयांचा अंदाज होता.

मोहनराव पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडले. आडतदार म्हणाले, आधी कापडवाल्यांचा आकडा बघू. कापडवाले म्हणाले, आधी आडतदारांचा. वकिलांनी समितीची घटना वाचायला मागितली आणि परत दिली नाही. तीन आठवड्यांत सत्त्याऐंशी रुपये जमले. त्यातले पंचवीस मोहनरावांचे स्वतःचे होते.

मग मदतीचा तमाशा ठरला. तंबूत सातशे माणूस बसले, तिकिटे मात्र एकशे चाळीसच विकली गेली. बाकीचे सगळे समितीचे सभासद, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे शेजारी. फड, तंबू आणि बत्त्या यांचा खर्च भागवताना एकतीस रुपये वरून घालावे लागले.

तिसरा उपाय म्हणून पेठेत येणाऱ्या दर बैलगाडीमागे दोन आणे ऐच्छिक देणगी घ्यायचे ठरले. बाजाराच्या दिवशी मोहनराव स्वतः पेठेच्या तोंडाशी उभे राहिले.

"ऐच्छिक म्हंजी?" पहिल्याच गाडीवानाने विचारले.

"म्हणजे मनात असेल तर."

"मग न्हाय," असे म्हणून त्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या.

दुपारपर्यंत मोहनरावांकडे सहा आणे जमले. ऊन डोक्यावर आले होते. ते वखारीच्या सावलीला बसले, आणि समोर त्यांना दगडाबाई दिसल्या. त्या दुसऱ्या पोत्याचे तोंड बांधत होत्या.

"हे सगळं कोणाचं, दगडाबाई?"

"माझं."

"पण मूळ माल कोणाचा?"

"सांडल्यावं कुणाचा ऱ्हातोय व्हय?"

"बरंच निघतं की."

"मंग! दोन पोती निगत्यात."

"दर बाजाराला?"

"दर बाजाराला," दगडाबाई म्हणाल्या. पोत्यात अर्ध्याहून जास्त कचरा आहे हे त्यांनी सांगितले नाही. पुस्तकाच्या दुकानदाराने आपल्या कामाची विचारपूस केली याचे त्यांना बरे वाटले होते, आणि मोठेपणाने बोलायची संधी त्यांना वर्षातून फारशी येत नसे. पुढे कित्येक महिने 'दोन पोती' या दोन शब्दांबद्दल त्या स्वतःला शिव्या देत होत्या.

मोहनरावांनी त्याच पावतीपुस्तकाच्या मागे हिशेब मांडला. बाजाराला दोन पोती, वर्षाचे बाजार बावन्न. निम्मे मातीत गेले असे धरले तरी बावन्न पोती ज्वारी. पोत्याला अगदी पडता भाव, दहा रुपये, धरला तरी पाचशे वीस. दोन वर्षांत कारंजे उभे राहून वर पैसे उरत होते, आणि कोणापुढे हात पसरायला लागत नव्हता. शाळेत वह्या पुरवून पुरवून मोहनरावांचे गणित पक्के झाले होते. धान्य मात्र त्यांनी कधी सुपात घेतले नव्हते.

आडतदारांची बैठक झाली. पेठेची जमीन त्यांची, तेव्हा जमिनीवर पडलेले त्यांचे, आणि ते त्यांनी उद्यानाला दिले, असा ठराव एकमताने झाला. स्वतःच्या गल्ल्यातले काही जाणार नाही हे कळल्यावर एकमताला वेळ लागला नाही. त्या बाईचे काय, असे एका म्हाताऱ्या आडतदाराने विचारले.

"लिलाव जाहीर आहे," मोहनराव म्हणाले. "त्याही बोली लावू शकतात."

समितीने झाडणीचा दरसाल लिलाव करायचा ठराव केला आणि पाडवा ते पाडवा अशा एका वर्षाच्या झाडणीचा लिलाव, अशी दवंडी पिटली गेली. दगडाबाईंनी ती नदीवर रोळत असताना ऐकली. रोळी तशीच काठावर ठेवून त्या ओल्या हातांनी दुकानात गेल्या.

"माझ्या झाडूवं तुमी लिलाव लावलाय म्हनं?"

"झाडूवर नाही, झाडणीवर. झाडू तुमचाच आहे."

"मंग झाडू काय उकडून खायाचा?"

"हे बघा, बाग गावासाठी आहे. तुमच्या नातीसुद्धा खेळतील तिथं."

"खेळतील की. खाऊन आल्यावं खेळतील. खायाचं काय त्ये सांगा."

"तुमच्याकडे हक्काचा काही कागद आहे का?"

"सरुबाईनं दिलाय हक."

"सरुबाईंकडे कागद होता?"

"तिला वाचाय कुठं येत हुतं? ती कागद कशाला ठेवंल?"

मोहनरावांनी डोळे मिटून घेतले. ते वाईट मनुष्य नव्हते. आपण काही चुकीचे करतो आहोत असे त्यांना वाटत नव्हते, म्हणून त्यांच्याशी बोलणे फार अवघड होते. "तुम्ही बोली लावा," ते पुन्हा म्हणाले. "मी तुमच्या नावानं तीनदा पुकारीन. इतरांना एकदाच पुकारीन."

दगडाबाईंनी बिरूंची एक तयार घोंगडी विकून आणि स्वतःच्या पायांतली जोडवी गहाण टाकून चाळीस रुपये उभे केले.

लिलाव पेठेतच झाला. दगडाबाईंनी चाळीसची बोली लावली आणि मोहनरावांनी कबूल केल्याप्रमाणे ती तीनदा पुकारली. मग पेंडीच्या एका व्यापाऱ्याने शंभर म्हटले. सोपान हिवरकरांनी दीडशे म्हटले. सोपान हिवरकर म्हणजे वडगाव निंबाळकरच्या वाटेवरचे बागाईतदार. वांगी, कोबी आणि पेरू बाजारात आणणारे, चार म्हशींचे धनी. दर बाजारी भाजी विकून परतताना त्यांनी दगडाबाईंच्या डोक्यावरची ती दोन पोती पाहिलेली होती. म्हशींना वर्षाचा भरडा निम्म्या भावात सुटेल असा त्यांचा अंदाज. पेंडवाला त्यांना चढवत गेला आणि चारशेला आपण सुटला. चारशे दहाला झाडण सोपानरावांच्या नावावर झाली. निम्मे रोख, निम्मे दिवाळीला.

दगडाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "सोपानतात्या, पोत्यात काय असतंय त्ये बगितलंय का कंदी?"

"ज्वारी. दुसरं काय असणार?"

"बरं," दगडाबाई म्हणाल्या. चाळीस रुपये पदराच्या गाठीत होते. गाठ न सोडता त्या घरी गेल्या.

मोहनरावांनी मिळालेले दोनशे पाच रुपये त्याच आठवड्यात पुण्याच्या कारागिराला कमळाची आगाऊ रक्कम म्हणून पाठवून दिले.

पाडव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला सोपानरावांनी दोन मजूर बायका झाडायला लावल्या. संध्याकाळी दीड पोते घरी गेले. म्हशीपुढे टाकले, तर म्हशीने हुंगून मान फिरवली. पोते अंगणात उपडे केले तेव्हा शेण, पाचट आणि खडे यांतून तीन शेर ज्वारी निघाली. बायकांची मजुरी त्याहून जास्त झाली होती. दुसऱ्या बाजाराला दीड शेर निघाली. तिसऱ्या बाजाराला सोपानराव भाजीचे दुकान मुलीवर टाकून स्वतः पेठेत उभे राहिले आणि हमालांकडे पाहत राहिले.

त्यांना दिसले ते असे. हमाल पोते उचलताना त्याला लोखंडी हूक लावतो. हूक पोत्याच्या शिवणीत अडकवला तर दाणा गळत नाही. पोत्याच्या पोटात घातला तर भोक पडते आणि पाठीवरून वखारीपर्यंत जाईतो ओंजळभर ज्वारी वाटेत पडते. त्या दिवशी सगळ्या टोळीचे सगळे हूक शिवणीत होते. शेतकरीही रिकामी पोती जमिनीवर झटकायचे सोडून घडी घालून गाडीत टाकत होते.

हमालांचा मुकादम गेणू. सोपानराव त्याच्यापाशी गेले.

"गेणू, काय बी सांडंना झालंय रं."

"न्हाय सांडत," गेणू म्हणाला. "लई चोख काम चाललंय. आडतदार खूश हायेत."

"आन् दगडाबाईच्या टायमाला कसं सांडत हुतं?"

"तवा आमी अडाणी हुतो, तात्या."

टोळीतला एक जण पोते पाठीवर असतानाच खदखदा हसला, आणि त्याच्या पोत्यातूनही काही पडले नाही.

सोपानराव मोहनरावांकडे गेले. मोहनराव दुकान बंद करून पेठेत आले. आयुष्यात प्रथमच त्यांना एका हमालाला काम वाईट करायची विनंती करायची होती, आणि ती कशी करावी हे त्यांना सुचत नव्हते.

"गेणू, तुम्ही लोक पूर्वी जसं काम करत होतात, तसंच करा ना."

"म्हंजी कसं?"

"म्हणजे... थोडं सांडत जा."

"मालकाचा माल?"

"फार नाही. पूर्वीइतकाच."

"लिवून द्या," गेणू म्हणाला.

"काय लिहून देऊ?"

"की हमालांनी धनी लोकांचा माल सांडावा, म्हनून समितीचा हुकूम हाय. खाली सही. मंग बगा कसा पाट काडतो ज्वारीचा."

मोहनराव परत गेले. वाटेत त्यांना तीन आडतदारांनी नमस्कार केला आणि यंदा हमालांनी काम फार सुधारल्याचे सांगितले.

इकडे दगडाबाईंच्या घरी चैत्र सरत आला होता आणि साठवणीचे मडके रिकामे होते. चाळीस रुपयांतले जोडवी सोडवायला गेले, उरलेल्यांची ज्वारी आली आणि संपली. त्या इंदापूरच्या बाजारालाही जाऊन आल्या. तिथली पेठ बनाबाई नावाच्या बाईची होती. बनाबाईंनी त्यांना भाकरी दिली, चटणी दिली, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि शेवटी म्हणाल्या, "बाई, सारं खरं हाय तुजं. पर हितं माजा झाडू हाय." दगडाबाईंना त्यात गैर काही वाटले नाही. त्या जागी असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. मग माळेगावला एका बांधकामावर मायलेकींनी आठ-दहा दिवस विटा वाहिल्या. जायला-यायला दोन कोस, आणि मजुरी आठवड्याने.

"तुला दोन पोती म्हनायची काय गरज पडली हुती?" बिरू माग थांबवून विचारत.

"आता किती येळा तेच!"

"पायलीत सांगायचं. पाच पायल्या म्हटलं असतंस तर त्येच्या बापाला बी लिलाव सुचला नसता."

यावर दगडाबाई जास्तच चिडत.

वैशाखाच्या सुरुवातीला सोपानराव खोपटापाशी आले. येताना पाटीभर वांगी आणली होती. बसायला घोंगडी टाकली गेली, पाणी दिले गेले.

"आक्का, तूच झाड. निम्मं तुला, निम्मं मला."

"माझंच मला निम्मं देतोस व्हय?"

"माझं दोनशे पाच रुपये गेल्यात, आक्का."

"आन् माझं काय गेलं त्ये कुणी मोजायचं?"

"मी काय चोरी केलिया का? जाहीर लिलावात घेतलंय."

"त्येच तर म्हंती मी. चोरी केली असतीस तर पाटलाकडं तरी गेली असती."

साखरबाई आतून म्हणाली की विटांवरची मजुरी अजून आलेली नाही. तेवढ्यावर निकाल लागला. दगडाबाईंनी निम्म्या वाट्याला हो म्हटले. सोपानराव गेल्यावर त्यांनी वांग्यांची पाटी पायाने बाजूला सारली आणि मग थोड्या वेळाने भाजी चिरायला घेतली.

पहिल्या दिवशी टोळीने त्यांना पाहिले आणि हूक पोत्यांच्या पोटात गेले. संध्याकाळपर्यंत दोन पोती भरली. त्यात माल चांगला होता. मग सोपानराव आले, एक पोते उचलून गाडीत टाकले आणि गेले. गेणूने ते पाहिले.

"आक्का, ह्यो काय प्रकार?"

दगडाबाईंनी वाटणी सांगितली. हूक खांद्याला अडकवून गेणूने तंबाखू मळली.

पुढच्या बाजाराला सकाळी पेठेत दाणा पडला नाही. दगडाबाईंनी केरसुणी तीनदा फिरवली आणि पाचट गोळा केले. दुपारी भाकरी खाऊन टोळी उठली आणि ज्वारी गळू लागली. संध्याकाळी सोपानराव आले तेव्हा गेणू पुढे झाला आणि सकाळचे पोते त्यांच्यापुढे ठेवले.

"तात्या, सकाळचं तुमचं, दुपारचं आक्काचं. वाटनी नीट झाली न्हवं?"

सोपानरावांनी पोत्यात हात घातला. शेण हाताला लागले. ते गेणूवर ओरडले, दगडाबाईंवर ओरडले, शेवटी काट्यावर बसलेल्या मापाऱ्यावरही ओरडले. तो बिचारा नुसता पाहत होता. मग ते सरळ मोहनरावांच्या दुकानात गेले आणि पैसे परत मागितले. पैसे कमळात गेले होते. मोहनरावांनी त्यांना कमळाचे कागदावरचे चित्र दाखवले. सोपानराव म्हणाले, दिवाळीचा हप्ता मिळायचा नाही, आणि तुमचे ते कमळ माझ्या परड्यात आणून ठेवा, म्हशी पाणी तरी पितील.

त्या दिवसापासून ते झाडणीकडे फिरकले नाहीत. दगडाबाई झाडत राहिल्या. पण हंगाम निम्मा गेलेला होता, आणि कागदोपत्री पाडव्यापर्यंत झाडण सोपानरावांचीच होती. एखादा नवा आडतदार मधूनच विचारी, "बाई, तुम्ही कोणाच्या वतीनं?"

श्रावणात कमळ छोट्या रेल्वेने आले. एक पाकळी वाटेत तुटली होती. नळ आणि पंपाला पैसे नव्हते, त्यामुळे पंधरा ऑगस्टला उद्घाटन झाले तेव्हा कमळात कावडीने पाणी भरले. पाहुण्यांनी ते तलाव म्हणून पाहिले.

उरलेले पैसे शेवटी कसे आले हे सांगायला हवे, कारण गावात त्याबद्दल कोणी बोलत नाही. काही आडतदारांनी शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबपट्टीत तोलाई, हमाली आणि धर्मादाय यांच्या खाली आणखी एक ओळ घातली. 'उद्यान', पोत्यामागे अर्धा आणा. वर्गणी मागताना तीन आठवड्यांत जेवढे जमले नव्हते तेवढे एका बाजारात जमू लागले. सणसरचा किंवा वडगाव निंबाळकरचा शेतकरी पट्टी घडी करून टोपीत ठेवी. वाचता येणाऱ्या एकाने ओळीवर बोट ठेवून विचारले तेव्हा त्याला गावात बाग झाल्याचे सांगण्यात आले. बागेत तो कधी गेलेला नव्हता. बाजाराच्या दिवशी बाग बंद असे, बाहेरगावची गर्दी गवतावर बसते म्हणून. दिवाळीनंतर पंप आला आणि कारंजे उडाले.

आता झाडणीच्या लिलावाची कोणाला गरज राहिली नव्हती. दगडाबाई मोहनरावांकडे गेल्या आणि ठराव मोडायला सांगितले. मोहनराव तयार होते. पण ठराव मोडायला समितीची सर्वसाधारण सभा हवी, सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, आणि कारंजे उडाल्यापासून सभेला कोणी येत नव्हते. तीन सभा तहकूब झाल्या. पाडवा जवळ आला. ठराव कायम असल्यामुळे मोहनरावांना पुन्हा दवंडी पिटवावी लागली.

"आवं पर कशापायी?" दगडाबाई म्हणाल्या. "पानी उडतंय न्हवं तुमचं?"

"उडतंय. पण ठराव आहे."

"आन् कुणी घेतली म्हंजी?"

"दगडाबाई, मी काय करू?"

"गेल्या साली बी हेच म्हनला हुतात."

लिलावाच्या दिवशी सकाळपासून दगडाबाई पेठेत बसून होत्या. त्या दिवशीच बाजार होता, गाड्या येत होत्या आणि झाडायची सोय नव्हती, कारण सोपानरावांचे वर्ष आदल्या दिवशी संपले होते. समितीचे आणखी दोन सभासद आल्याशिवाय लिलाव पुकारता येत नव्हता. ते दुपारी दोनला आले. दरम्यान इंदापूरकडचा एक शेळ्यांचा व्यापारी येऊन बसला होता. गेल्या वर्षी झाडण चारशेच्या वर गेली हे त्याने ऐकले होते आणि कमरेला पैशांचा कसा बांधून तो तयारीने आला होता. दगडाबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि गेणूला खूण केली. गेणू उठायच्या आत सोपान हिवरकर उठले. त्यांनी त्या माणसाला वखारीमागे नेले आणि अर्धा तास त्याच्याशी बोलले. वर्षभरात ते एवढे मनापासून कोणाशी बोलले नसतील. व्यापारी परस्पर स्टँडवर गेला.

मोहनरावांनी नियम वाचला. बोली लावणारे तिघे असल्याशिवाय लिलाव कायम होत नाही, आणि एका टोळीतला एकच धरायचा.

"तिघं कुठून आणू?" दगडाबाई उठल्या. "गेणू, तू म्हन."

"एक रुपया," गेणू म्हणाला.

"सोपानतात्या."

"मला नको, आक्का! मी पाया पडतो."

"म्हन नुसतं. तुला दीत न्हाय मी."

"रुपया दोन आणे," सोपानराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

दगडाबाईंनी मुद्दाम थोडा वेळ घेतला. मोहनरावांनी रुपया दोन आणे एकवार पुकारले. सोपानराव ओरडले, "आक्का, आता बोल की गं!"

"सव्वा रुपया."

"सव्वा रुपया एकवार," मोहनराव म्हणाले. "दोनवार."

"मी बसलो! मी बसलो!" सोपानराव म्हणाले आणि खरोखरच जमिनीवर बसले.

झाडण दगडाबाई बिरू कोकरे यांच्या नावावर झाली. मोहनरावांनी पावती केली, दगडाबाईंनी अंगठा उठवला आणि पावती परत त्यांच्यापुढे धरली.

"ह्येच्यावरचं साल खोडा."

"साल खोडता येत नाही. हे पाडव्यापर्यंतच आहे."

"म्हंजी दरसाल यायाचं? ह्या दोगास्नी धरून?"

"जोवर सभा भरत नाही तोवर."

"आन् सभा कंदी भरायची?"

मोहनरावांनी पावतीपुस्तक मिटले. दगडाबाईंनी पावती पदरात बांधली आणि केरसुणी उचलून उतरत्या उन्हात कामाला लागल्या. सकाळी सांडलेले अर्धे धान्य एव्हाना मोकाट शेळ्यांनी खाल्ले होते.

पुढच्या दोन पाडव्यांना तेच तिघे आले आणि त्याच तीन बोल्या झाल्या. १९५९ साली सोपान हिवरकर पुतणीच्या लग्नाला गेले होते, तिसरा माणूस मिळेना आणि लिलाव तीन आठवडे पुढे गेला. नव्या आडतदारांपैकी एकाने त्या तीन आठवड्यांत झाडण कोणाची असा प्रश्न लेखी विचारला. मोहनरावांनी तो सभेपुढे ठेवू असे लेखी उत्तर दिले. दगडाबाईंनी त्या तीन बाजारांत चौदा पायल्या ज्वारी घरी नेली.